धुऱ्यावरचे दोन काटे

निवडुंगाच्या लाल बोंडांचा रंग हाताला लागला की दोन दिवस जात नाही.

वाळलेल्या मिरच्या, दोन पोती, एक काडेपेटी.

शाळेच्या तक्त्यावर सेलोटेपने चिकटवलेल्या दोन वस्तू. एकीखाली लिहिलं आहे 'पान', दुसरीखाली 'केस'.

एकवीस बायकांचे भांग.

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरात भर दुपारी पंखा बंद केला होता, कारण समई विझत होती.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांना लागत नाहीत असं तुम्हाला वाटेल. ते तसेच सुटे राहावेत म्हणून मी सतरा वर्षं गप्प बसलो. आता लावून दाखवतो.

मी एक जुना काटा आहे. झाडाचा नव्हे, सायाळीचा. पुस्तकात तिला साळिंदर म्हणतात. उंदराच्या नात्यातली, पण कुत्र्याएवढी, आणि पाठभर काटे. त्यांतला मी एक. लांबीला वीतभर, टोकाला अणकुचीदार, काळ्या अंगावर तीन पांढरे पट्टे. आत्मवृत्त सांगणारे बहुतेक जण आपण कुठे घडलो, कुणी घडवलं, हे अभिमानाने सांगतात. माझ्याकडे तसं काही नाही. मी एका जनावराच्या कातडीतून उगवलो, वाढलो, सैल झालो आणि एका पहाटे गळून पडलो. जसा तुमच्या डोक्यावरचा केस गळतो तसा. गळण्यात शौर्य नसतं.

जिथे गळलो ती जागा मात्र सांगायला हवी. तेल्हारा तालुक्यातलं हिवरखेड. तिथल्या खुशालरावांच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावर फड्या निवडुंगाचं कुंपण होतं, पुरुषभर उंच. त्याच्या मुळाशी आमचं बीळ. निवडुंग वर, आम्ही खाली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काट्यांनी काट्यांशी सोयरीक केली आहे.

सोयरीक नव्हती. शेजार होता.

खुशालरावांना आमचा राग होता आणि तो खोटा नव्हता. सायाळ त्यांची रताळी उकरायची. संत्र्याच्या रोपांची साल कुरतडायची. सात झाडं त्या पावसाळ्यात वाळली होती. "धूर करतो बिळात," असं ते महिनाभर म्हणत होते. अडवलं होतं आशाबाईंनी, त्यांच्या बायकोने.

"लेकुरवाळी हाये ते," त्या म्हणायच्या. "तिच्या घरात धूर नाही करत. आपल्या घरात लेकरं नाहीत का?"

"मंग झाडं तू लावून देशीन का?"

"देईन लावून. रताळी जरा कमी खा, तुमालेच गॅस होते."

यावर खुशालराव बाहेर निघून जायचे. आशाबाईंपुढे त्यांचं चालत नसे. त्यांना एक कारण हवं होतं, आशाबाईंनाही बोलता येणार नाही असं.

ते कारण नऊ वर्षांच्या आकांक्षाने आणलं. आकांक्षा म्हणजे त्यांची नात.

*

मध्येच एक तुलना. मला ती उशिरा कळली, पण इथेच सांगतो, नाहीतर पुढचं खोटं वाटेल.

निवडुंग जागचा हलत नाही आणि इशाराही देत नाही. तुम्ही त्याच्याकडे गेलात तर टोचतो, नाही गेलात तर नाही. सायाळ आधी इशारा देते. पाय आपटते, शेपटीचे काटे खुळखुळ वाजवते, पाठ फिरवते. म्हणजे 'जा बाबा, जा' असं तीनदा सांगते. चौथ्यांदा उलट्या पायी धावून येते. अंगाला अंग लागलं तरच काटा रुततो.

लांबून नाही. कधीच नाही.

*

पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. रविवार होता. निवडुंगाची बोंडं पिकून लाल झाली होती आणि ती खायला आकांक्षा धुऱ्यावर आली. आधीच्या आठवड्यात तिने ती खाल्ली होती, तेव्हा जिभेत बारीक कुसळं गेली होती आणि आशाबाईंनी तासभर बसून ती काढली होती. काढून झाल्यावर म्हणाल्या होत्या, "पुन्हा त्या निवडुंगाजवळ गेली न, तर तान्ह्या पोळ्यात तुहा बैल नाही निघणार."

तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा सण, आठ दिवसांवर होता. तिच्या लाकडी बैलाला नवी झूल शिवून तयार होती.

तिने चार बोंडं तोडली. पाचवं उंचावर होतं. टाच उंचावताना डाव्या पायातली चप्पल सटकली, आणि पाय जिथे टेकला तिथे निवडुंगाचं वाळकं फडं पडलेलं होतं. मी तिथून दोन हातांवर होतो. मी सगळं पाहिलं. ती रडली नाही. आधी बोंडं खड्ड्यात टाकून त्यांवर माती लोटली, मग हात गवताला पुसले, मग लंगडत घरी निघाली. वाटेत तिला मी दिसलो.

तिने वाकून मला उचललं.

"काहून लंगडून राहिली वं?" आशाबाईंनी अंगणातच विचारलं.

"काटा लागला."

"कायचा?"

आकांक्षाने मला पुढे केलं. "सायाळीनं मारला. लांबून. फेकून मारला."

खुशालराव खाटेवर बसले होते. ते उठले. माझ्याकडे पाहिलं, पोरीच्या टाचेकडे पाहिलं. "पाह्य," ते आशाबाईंना म्हणाले, "मी काय म्हणत होतो? आज टाचेत मारला, उद्या डोयात मारन."

सायाळ काटे फेकून मारते, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. ते खोटं आहे, हे कुणालाच माहीत नाही. त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. खुशालरावांनी मला हातात धरलं. आशाबाईंनी आकांक्षाला मांडीवर घेतलं, बांगडीतली पिन काढून टाचेतला काटा काढला, जखमेला हळद लावली. तो काटा चुलीत गेला. आशाबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. धूर करू नका, असंही पुन्हा म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिळाच्या तोंडाशी पोती पेटवली. त्यांत वाळलेल्या मिरच्या टाकल्या. धूर आत ढकलला आणि तोंडावर दगड रचले.

आत तिघं होती. दोन मोठी आणि एक पिल्लू, ज्याचे काटे अजून मऊ होते.

चौथ्या दिवशी दगड काढायचे असं ठरलं होतं. काढायला कुणी गेलं नाही.

तान्ह्या पोळ्यात आकांक्षाचा बैल निघाला. नव्या झुलीसकट. पायाला पट्टी होती म्हणून सगळ्यांनी तिला दोन-दोन रुपये जास्त बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, दिली.

*

मला लाज कधी वाटली, असं विचाराल. तेव्हा नाही. तेव्हा मला राग आला होता, आणि राग सोपा असतो. लाज नंतर आली, मी सुखात पडल्यावर.

खुशालरावांनी मला घरातल्या घड्याळाखाली खोचून ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे सत्यनारायण होता. पूजेला अमरावतीहून उद्धव गुरुजी आले. मूळचे हिवरखेडचे, या घरची पूजा तेच सांगायचे. सांगता झाल्यावर त्यांची नजर माझ्यावर गेली.

"खुशालराव, जरा तो काटा बघू." त्यांनी मला हातात फिरवलं आणि पट्टे मोजले. "एक, दोन, तीन. अहो, तीन ठिकाणी पांढरा. असा मिळत नाही हो. सीमंताच्या विधीत गर्भिणीचा भांग पाडायला सायाळीचा काटा सांगितला आहे, आणि तोही तीन पांढऱ्या पट्ट्यांचा. मी वीस वर्षं दर्भावर भागवतोय."

"मंग घेऊन जा. पन त्याची गोष्ट आयका आधी." आणि खुशालरावांनी गोष्ट सांगितली.

आशाबाई दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "न्या बाबा. घरात नको तो."

अशा रीतीने मी अमरावतीला आलो. पितळेची लांबट डबी, आत लाल मखमल. पाच महिन्यांची, सात महिन्यांची पोटुशी बाई पाटावर बसायची. गुरुजी डबी उघडायचे. नवरा मला हातात धरायचा आणि तिच्या कपाळापासून टाळूपर्यंत भांग पाडायचा. आधी वर्षाला एखादा विधी असायचा. अलीकडे गर्भसंस्काराचे वर्ग निघाले, तशी मागणी वाढली.

आणि प्रत्येक वेळी, भांग पाडण्याआधी, गुरुजी ती गोष्ट सांगायचे. गोष्ट वाढत गेली. पहिल्या घरी मी टाचेला लागलो होतो. पाचव्या घरी कानाजवळून सूं करत गेलो. दहाव्या घरी पोर मरता मरता वाचली होती आणि त्यामुळे माझ्या अंगी रक्षण करायची शक्ती आली होती. बायका मला हात जोडायच्या.

मित्रांनो, मला ते आवडत होतं.

हे वाक्य मी तीनदा वगळून पाहिलं. वगळलं तर बाकी सगळं निव्वळ रडगाणं होतं. मला मखमल आवडत होती, हळदीकुंकू आवडत होतं, केसांचा वास आवडत होता. ज्या पाठीवर मी वाढलो ती दगडांमागे पडली होती, आणि मी तिच्या बदनामीवर पूजेला बसत होतो. काट्याला तोंड नसतं, मी काय बोलणार, असं मी स्वतःला सांगायचो. पण तोंड असतं तरी मी बोललो असतो का? एकवीस घरं झाली. एकाही घरी बोलावंसं वाटल्याचं मला आठवत नाही.

*

गेल्या वर्षीची गोष्ट. गुरुजींची नात देवश्री, आठवीतली. शाळेत विज्ञानाचा प्रकल्प होता: एक वनस्पती आणि एक प्राणी निवडून तुलना करा. तिने फड्या निवडुंग आणि साळिंदर निवडले. छत्री तलावाच्या रस्त्यावरून निवडुंगाचा एक काटा आणला, आजोबांच्या डबीतून मला काढलं आणि आम्हा दोघांना एका तक्त्यावर शेजारी शेजारी चिकटवलं.

मी त्याला पहिल्यांदा इतक्या जवळून पाहत होतो. बारीक होता. पांढुरका. त्याच्यात आणि माझ्यात सारखं काही नव्हतंच, टोक सोडलं तर.

देवश्रीने स्केचपेनने लिहिलं. निवडुंग इथला नाही, फार पूर्वी सातासमुद्रापलीकडून आला, साळिंदर इथलंच. निवडुंगाचा काटा हे खरं तर पान आहे, कमी पाण्यात जगण्यासाठी आवळून घेतलेलं. साळिंदराचा काटा हा खरं तर केस आहे, कडक झालेला. निवडुंगाचं फडं तोडून फेकलं तर तिथेच रुजतं. साळिंदराचा काटा पडला तर त्यातून काही उगवत नाही. दुसरा काटा येतो, पण साळिंदर जिवंत असेल तरच. निवडुंग पाणी साठवतो. साळिंदर काहीच साठवत नाही, म्हणून रोज शोधायला बाहेर पडतं. आणि सगळ्यांत खाली, लाल अक्षरांत: साळिंदर काटे फेकू शकत नाही.

गुरुजींनी चष्मा लावून तक्ता वाचला. लाल ओळीशी थांबले.

"हे काय लिहिलंस?"

"पुस्तकात आहे, आजोबा. आमच्या टीचरनी पण सांगितलं."

"पुस्तक लिहिणारा हिवरखेडला गेला होता का?"

"तुम्ही तरी होतात का तिथे, त्या वेळी?"

गुरुजींनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "काटा नीट सोडव. चिकटा लागला तर रॉकेलने पूस. परवा सातुर्ण्याच्या सीमंताला मला लागेल."

परवा सातुर्ण्याला त्यांनी गोष्ट सांगितली. या वेळी जरा घाईने.

*

आता बडनेरा.

आकांक्षा सव्वीस वर्षांची झाली होती. तिचा नवरा शिवम रेल्वेत होता, बडनेऱ्याला क्वार्टर होतं. सातवा महिना. तिच्या सासूबाई गर्भसंस्काराच्या वर्गाला जाऊन आल्या होत्या, त्यामुळे सीमंत व्हायलाच हवं होतं. हिवरखेडहून खुशालराव आले होते, पांढरं धोतर, हातात काठी. आशाबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या.

गुरुजींनी डबी उघडली. पंखा बंद होता, सगळे घामाघूम. आकांक्षाने मला पाहिलं आणि तिने ओळखलं. माणसं विसरतात असं म्हणतात. तिने डावा पाय पदराखाली ओढून घेतला.

"हा साधा काटा नाही बरं," गुरुजींनी सुरुवात केली. पोर, धुरा, सूं करत आलेला काटा, सगळं सांगितलं आणि थोडं थांबून म्हणाले, "एकवीस घरी मी ही गोष्ट सांगितली. पण आजचा योग वेगळा. ती पोर आज आपल्यासमोर पाटावर बसली आहे."

बायकांत कुजबुज झाली. शेजारच्या एका बाईंनी आकांक्षाच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

"मला कधी सांगितलंच नाही हिनं," शिवम म्हणाला. "झुरळ दिसलं की पलंगावर चढते, आणि सायाळीशी लढली होती म्हणे."

सगळे हसले. आकांक्षा हसली नाही.

सासूबाई खुशालरावांकडे वळल्या. "आबाजी, असे काटे अजून भेटतील का? माझ्या दोन्ही भाच्यांना दिवस गेले आहेत."

"भेटतील न," खुशालराव म्हणाले. "त्याच बिळात पुन्हा सायाळ आली यंदा. दगड सारून आत गेली. किशोर उद्या सकायी धूर करून राहिला. पोती, मिरच्या, सारं तयार हाये. पोतंभर काटे आणतो तुमच्यासाठी."

किशोर म्हणजे आकांक्षाचा काका, शेत आता तोच पाहतो.

"चला, मुहूर्त टळतोय," गुरुजी म्हणाले. शिवमने मला उचललं. "हळू धरा, कंगवा नाही तो," गुरुजींनी बजावलं. माझं टोक आकांक्षाच्या कपाळाला टेकलं.

मित्रांनो, मी कपाळावर होतो आणि मला वाटत होतं, ती गप्प बसेल तर बरं. हे मी लपवत नाही. गप्प बसली तर मखमल राहील. उद्या बिळात धूर होईल, पण तो हिवरखेडला होईल, इथून दिसणार नाही.

आकांक्षाने शिवमचं मनगट धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "आबाजी, मले सायाळीनं नव्हता मारला."

कुणाला काही कळलं नाही.

"तो निवडुंगाचा काटा होता. मी बोंडं तोडाले गेली होती. चप्पल सटकली. आजीनं बैल नाही निघू देणार म्हटलं होतं, म्हणून खोटं बोलली. हा तिथंच पडून होता. मीच उचलला."

"अगं, लहानपणीचं आहे," गुरुजी म्हणाले. "इतक्या वर्षांनी गल्लत होते."

"गल्लत नाही, गुरुजी. मी त्या दिवशी सायाळ पाह्यलीच नव्हती. मले फक्त एवढं आठवते, का मी रोज शाळेत जाताना त्या दगडांकडे पाहत नव्हती." तिचा एक हात पोटावर होता. "उद्या धूर नका करू, आबाजी. आत पिल्लं असतील. मी कोनत्या तोंडानं इथं ओटी भरून घेऊ?"

सासूबाई पदराने वारा घेत राहिल्या. गुरुजींनी डबीचं झाकण उगाच लावलं आणि उघडलं. "मग मी एकवीस घरी काय सांगितलं?" ते हळूच म्हणाले.

खुशालराव आपल्या उजव्या तळहाताकडे पाहत बसले होते. बराच वेळ. जणू त्यावर काही ठेवलेलं होतं.

"तू नऊ वर्साची होती," ते म्हणाले. "तुही चूक नाही ते."

सगळ्यांना वाटलं, आजोबांनी नातीला माफ केलं. त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला.

"किशोर, ते पोती घरी घेऊन ये... नाही, धूर नाही करायचा... संत्र्याले जाळी लावू, तालुक्याले भेटते जाळी... काहून म्हणजे काय? मी म्हणून राहिलो म्हणून."

फोन ठेवल्यावर ते काठी घेऊन बाहेर गेले आणि क्वार्टरच्या पायरीवर बसले. मालगाडी जाईपर्यंत बसून होते.

भांग मग दर्भाने पाडला.

*

मी अजून त्याच डबीत आहे. मखमल तीच. गुरुजी मला क्वचित बाहेर काढतात. काढलं तर नुसते मंत्र म्हणतात, गोष्ट सांगत नाहीत. कुणी विचारलं, "गुरुजी, हा कुठला?" तर म्हणतात, "गळलेला आहे." तेवढंच माझं खरं आत्मवृत्त आहे.

किशोरने जाळी लावली. दोन झाडं तरीही गेली. बिळाबाहेर ताजी माती दिसते, असं आकांक्षाला फोनवर कळलं. धुऱ्यावर निवडुंग आहेच. त्याने कधी काही नाकारलं नव्हतं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मित्रांनो, मला जपून ठेवा असं मी म्हणणार नाही. मला फार जपलं गेलं. तुमच्याकडे कुणी एक काटा घेऊन आला आणि म्हणाला, यानेच मारलं, तर दुसरा काटाही मागा. दोन्ही शेजारी ठेवा. देवश्रीला त्यासाठी एक तक्ता आणि दोन इंच सेलोटेप लागली होती.

आशाबाईंनी आकांक्षाच्या टाचेतून काढलेला काटा चुलीत टाकण्याआधी खुशालरावांच्या उजव्या तळहातावर ठेवला होता. तो करंगळीच्या नखाएवढा होता. त्यांच्या डाव्या हातात मी होतो.